उसना डोंगर

शके सतराशे चौऱ्याऐंशी, मार्गशीर्ष महिना, भातं झोडून झाली होती. तोवर इथे टेंबा डोंगर उभा होता. आता हा दगडांचा ढीग आहे, चुन्याने पांढरा केलेला, आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी कड्याचा तो घडीव दगड. होडी बांधायचं कडं इतक्या उंचावर कशाला, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. तुम्ही जमिनींचे भाव विचारायला आलात. पूल झाला, बंदर आलं, भाव चढणारच. ते सांगणारे खाली पुष्कळ आहेत. मी हे सांगतो. चपला काढून बसा.

खाडीपलीकडे मुंबई तेव्हा वाढीला लागली होती. दूरदेशी कुठे लढाई पेटली म्हणे, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला भाव आला. माल फार, जागा थोडी. मग समुद्र बुजवायचं ठरलं. बुजवायला दगड पाहिजे. नारबा नावाचा मुकादम मचवा घेऊन आमच्या दांडेखारला आला.

गावचा पुढारी चांगो. नारबाने त्याच्यापुढे पैशाची पिशवी ठेवली. चांगोने ती काठीच्या टोकाने मागे सारली, असे सांगतात.

"डोंगर काय कोंबडी आहे, विकायला?"

"मग कसा देतोस?"

"शेजारी मागायला आला तर आम्ही नाही म्हणत नाही. उसना ने."

मचव्यावरची माणसं हसली. नारबाही हसला. "बरं बाबा, उसना नेला."

"उसनं परत कसं करतात, ठाऊक आहे ना?"

"सपाट पायली न्यायची, शीग लावून आणायची. मीही खेड्यातलाच आहे."

आमच्याकडे तांदूळ उसने घेतले तर परत करताना मापावर मूठभर जास्त घालतात. ती शीग. तिच्यावाचून उसनं फिटलं असं कोणी मानत नाही. चांगोने शब्द धरला. मुकादम बोलला म्हणजे शहर बोललं, असं त्याला वाटलं.

सुरुंग लागले. उन्हाळ्याच्या आत टेंब्याचं डोकं गेलं, मग छाती, मग कंबर. दगड पलीकडे पाण्यात पडला. त्यावर धक्के झाले, धक्क्यांमागे वखारी, वखारींमागे गिरण्या आणि पेढ्या. आज ज्या शहराचं नाव तुम्ही छाती फुगवून घेता, त्याच्या पायाखाली टेंबा आहे.

एक गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती. टेंबा ही दर्यातली खूण होती. लांबून येणारा नाखवा त्याचं टोक नाकासमोर धरी, मग खाडीचं तोंड सापडे आणि तोंडाशी बुडालेले खडक टळत. चांगोचा धाकटा भाऊ पदू आश्विनात होडी घेऊन बाहेर गेला. डोंगर गेलाय हे त्याला माहीत होतं. पण हात जुन्या खुणेनेच सुकाणू धरतो. होडीच्या फळ्या खडकात सापडल्या. पदू सापडला नाही.

पदूची बायको नामी चांगोच्या दारात आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, उसनं कधी येणार?"

चांगो शहरात गेला. नारबा भेटला नाही, तो मोठा झाला होता. शहराकडे मागायचं तर कोणत्या दारात उभं राहायचं, ते चांगोला कळेना. शहराला दार नव्हतं. शेवटी भरावाच्या कडेचा एक दगड त्याने उचलला.

"चोरा, कुठे नेतोस?" रखवालदार ओरडला.

"माझा आहे," चांगो म्हणाला. मार खाल्ला, पण दगड आणला.

मग तो मीठ विकायला जाई आणि येताना दगड आणी. डोंगराचं बूड उरलं होतं, त्यावर खोपटं बांधून एकटाच राहिला. गावात उतरणं त्याने सोडलं. वाटेवरून लोक हाक मारत, "चांगोबा, डोंगर उगवला का?"

"आधी पेरू तर दे."

याहून जास्त तो कोणाशी बोलला नाही म्हणतात.

पुढे आमची माणसं गोदीत, गिरण्यांत कामाला लागली. एका शिमग्याला एकजण परतला, तो दगड घेऊन आला. खाली मान घालून ढिगावर ठेवून गेला. पुढच्या शिमग्याला आणखी काही आले. ढीग माणसाच्या वर गेला. चांगोने शिंपल्यांचा चुना भाजून त्याला फासला, आणि होड्यांना लांबून पांढरं टोक दिसू लागलं. गाव म्हणालं, फिटलं. चांगो म्हणाला, नाही. आपलंच आपण आणलं, त्याला फेड म्हणत नाहीत.

नारबा म्हातारपणी आला. शेट झाला होता. घर मोठं, पण बोलायला कोणी नव्हतं म्हणे. पलीकडे जुना धक्का मोडून त्याहून मोठा बांधत होते. त्या मोडलेल्या धक्क्याचा पहिला दगड त्याने होडीत घालून आणला होता, कड्यासकट.

"उसनं आणलंय."

"उशीर केलास."

"केला."

कड्यात बांबू घातला. दोन म्हाताऱ्यांनी खांदा दिला आणि दगड माथ्यावर चढवला. चांगोने त्यावर हात ठेवला. "शीग," म्हणाला.

आजही पावसात ढीग ढासळतो, आणि शहरात कामाला असलेला दांडेखारचा माणूस शिमग्याला येताना एक दगड आणून तो भरतो. पूर्वी गिरणीतून येत, आता बंदरातून, विमानतळावरून, काचेच्या कचेऱ्यांतून येतात. शहर अजून वाढेल. वाढू दे. जितकी माणसं जातील तितके दगड येतील. कड्याच्या दगडाला मात्र कोणी हात लावत नाही. तो मापातला नाही.

शीग चढली त्या दिवशी चांगो कितीतरी वर्षांनी गावात उतरला. नामीच्या दारात जाऊन उभा राहिला. तीही म्हातारी झाली होती, ओट्यावर जाळं सांधत होती.

"आलं," तो म्हणाला.