सातव्यांदा मागितलेली छाटी

"मग मला छाटी कधी देणार, बाबा?"

सखाहरीने हे सातव्यांदा विचारलं. सागाच्या रानातल्या मठीत येऊन त्याला पाच महिने झाले होते. संन्याशाची भगवी छाटी आपल्याला केव्हाच मिळायला हवी होती, असं त्याचं पक्कं मत होतं. तप कमी आणि तगादाच जास्त.

सोमगिरी बाबांनी फांदीकडे बोट दाखवलं. तिथे एक काडीकिडा होता. नीट पाहिलं नाही तर वाळकी काडीच वाटावी.

"आणि खाली?"

खाली शेणकिडा. डोकं जमिनीला टेकवून मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत होता.

"यांतला संन्यासी कोणता?"

"हे काय विचारणं झालं? वरचा. सकाळपासून हललेला नाही. खालचा संसारी. जन्मभर शेणच."

बाबांनी काडीकिड्याला हलकेच बोट लावलं. तो पाय ताठ करून टपकन खाली पडला.

"मेला?"

"नाही. घाबरला की असाच पडून राहतो."

मग बाबांनी शेणकिड्याच्या वाटेत काठी आडवी टाकली. तो गोळीवर चढला. आभाळाकडे बघत असल्यासारखा एकदा स्वतःभोवती फिरला. खाली उतरला आणि काठीला वळसा घालून पुन्हा ढकलू लागला.

सखाहरी बघत राहिला.

"काल घरून चिठ्ठी आली ना?"

सखाहरी पायाजवळचं वाळकं पान चुरगाळू लागला.

"सखाहरी."

"मुलगी झालीय. गुरुवारी बारसं आहे. पहिला मुलगा महिन्याभरात गेला, बाबा. तो पाळणा पुन्हा टांगलेला मला बघवला नसता. म्हणून पळून आलो. वैराग्य वगैरे काही नाही."

"ठाऊक होतं."

"मग हाकललं का नाही?"

बाबांनी खाली पाहिलं. पडलेल्या काडीकिड्याने एक पाय हलवला होता. मग दुसरा.

सखाहरी पोटभर रडला. रडून झाल्यावर त्याला सडकून भूक लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. दोन भाकरी खाऊन तो उठला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"निघू मी, बाबा?"

बाबा आत गेले आणि स्वतःची जुनी छाटी घेऊन आले.

सखाहरी गोंधळला. "आता ही कशाला?"

"धुऊन धुऊन मऊ झालीय. पोरीला दोन दुपटी होतील."