खिडकीच्या दगडावरचा बिब्बा

बालाघाटच्या डोंगरात शेलदरी नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचे जुने देऊळ आणि देवळाच्या पाठीशी एक दगडी खोली. या खोलीत श्री अलखगिरी महाराजांचे वास्तव्य होते. वास्तव्य होते असे आपण भक्तीने म्हणतो. पण ज्या दिवसांची ही कथा, त्या दिवसांत महाराज आत खरोखर आहेत की नाहीत यावर गावात पैजा लागत होत्या.

महाराज शेलदरीत आले ते पटकीच्या साथीत. आपल्या माणसांना आपली माणसे शिवत नव्हती, तेव्हा या अनोळखी गोसाव्याने घरोघर जाऊन आजाऱ्यांना पेज पाजली आणि गेलेल्यांना खांदा दिला. साथ ओसरली तसे लोक त्यांच्या पायांवर लोळू लागले. कुणी पालखीची भाषा करू लागले, कुणी गादीची. महाराज म्हणाले, "तोंडावळ्याला भुललात की देव राहतो बाजूला." मग ते त्या खोलीत गेले, आतून दार चिणून घेतले आणि हातभर खिडकी तेवढी ठेवली.

पण लोक सोडतात थोडेच! शेताच्या बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकदा त्या खिडकीखालीच हमरीतुमरीवर आले. तेव्हा आतून एक हात बाहेर आला, क्षणभर खिडकीच्या दगडावर टेकला आणि त्याने धाकट्याच्या ओंजळीत भस्म ठेवले. थोरल्याने मुकाट्याने बांध सोडला. तेव्हापासून दर सोमवारी खिडकीपुढे निवाडा होऊ लागला. ज्याच्या ओंजळीत भस्म पडे, त्याची बाजू खरी. पाहता पाहता डोंगरातली सारी गावे तिथे लोटली. पेरणी असो, सोयरीक असो, खिडकीचा होकार हवा. महाराजांनी गादी नाकारली, तर गादीच चालत त्यांच्या खिडकीखाली येऊन बसली म्हणा ना!

याचे दुखणे झाले व्यंकटराव देशमुखांना. पिढ्यान्‌पिढ्या निवाडे होत ते त्यांच्या सदरेवर. आता तिथे कबुतरे घुमत होती. त्यातच ओढ्याच्या पाण्याचा तंटा उभा राहिला आणि भस्म पडले ते खालच्या वस्त्यांच्या ओंजळीत. देशमुखांना बंधारा फोडावा लागला. त्यानंतर ते भेटेल त्याला विचारू लागले की हात कुणाचा आहे ते पाहिलेय का कुणी?

भाविकहो, खोटे कशाला सांगू, प्रश्न वाजवी होता. वर्षानुवर्षे कुणी महाराजांचा चेहरा पाहिला नव्हता की आवाज ऐकला नव्हता. आणि संशयाला ओसरीवर जागा दिली की तो माजघरात चूल मांडतो. खिडकीत ठेवलेली भाकरी उंदीरच खात असतील, खोलीला मागून वाट असेल, महाराज कधीचेच समाधिस्थ झाले असतील, अशी कुजबुज सुरू झाली. निवाडा हरलेल्यांना तर बोलायला तोंड फुटले. पाणवठ्यावर माणसे एकमेकांच्या मनगटांकडे चोरून पाहू लागली.

हा संशय फिरत फिरत बसला चिमाबाई गुरविणीवर. ही गरीब विधवा पत्रावळी लावून पोट भरी, रोज महाराजांची भाकरी खिडकीत ठेवी आणि खिडकीचा दगड शेणाने सारवी. निवाड्याच्या वेळी मात्र ती कुणाला दिसत नसे. लोक रदबदलीसाठी तिच्या मागे लागत, म्हणून ती बिचारी पळसाच्या रानात जाऊन बसे. देशमुखांनी नेमके तेच धरले. "निवाडा होतो तेव्हा ही बाई असते कुठे?" ते म्हणाले, आणि ऐकणाऱ्यांच्या माना हलल्या.

पुढच्या सोमवारी पहाटेच देशमुखांनी खिडकीच्या दगडाला बिब्ब्याचे तेल फासले. बिब्बा कातडीला लागला की काळा डाग पडतो, कातडी फोडांनी सुजते, आणि डाग धुऊन जात नाही. त्या दिवशी नेहमीप्रमाणे हात बाहेर आला, दगडावर टेकला, भस्म देऊन आत गेला. दोन दिवसांनी देशमुखांनी सारा गाव खिडकीपुढे गोळा केला. पहारी घेतलेली माणसे भिंतीशी उभी केली. बिब्बा आपणच लावल्याचे त्यांनी ऐटीत सांगितले आणि चिमाबाईला हात दाखवायला लावला.

तिच्या उजव्या तळव्यावर काळा डाग होता आणि हात सुजला होता.

"मालक, म्या रोज तो दगुड सारवते," ती म्हणाली. "तवाच लागलं असंल. तिथं बिब्बा हाय हे मला काय ठावं?"

कुणी विश्वास ठेवला नाही. लिंबाजी कुंभाराला साथीत महाराजांनी मरणाच्या दारातून ओढून आणले होते. चिमाबाईने आशेने त्याच्याकडे पाहिले, तर त्याने मान खाली घातली. तिला सगळ्यात जास्त लागले ते हेच. देशमुखांनी हुकूम दिला की बाईला गावाबाहेर काढा आणि भिंत फोडा.

तेव्हा चिमाबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "महाराज, मला काढू द्या गावातून. पर ही भिंत पडू देऊ नगा. तुमाला एकांत लागतो."

पहार उचललेली तशीच राहिली. खिडकीतून हात बाहेर आला होता! चिमाबाई तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर उभी होती. त्या हातावरही बिब्ब्याचा डाग होता. हाताने तिला खूण केली. तिने पुढे होऊन आपला तळवा त्या हातात दिला. बोटे मिटली, पुन्हा उघडली. चिमाबाईचा तळवा स्वच्छ झाला होता, आणि महाराजांच्या हातावरचा काळेपणा मनगटापर्यंत चढला होता.

आणि मग, इतक्या वर्षांनी, आतून आवाज आला. महाराज म्हणाले, "व्यंकटराव, संशय घेतलास याचा राग नाही. खिडकी एवढी लहान मीच ठेवली. पण संशय तुझा आणि भाजला तिचा हात, हा कुठला निवाडा?"

देशमुखांनी आयुष्यभर निवाडे केले होते, आणि हा निवाडा त्यांना समजला. त्यांनी पागोटे काढले आणि ते खिडकीशी वाकले.

चिमाबाई पुढे धावली. "मालक, तिथं डोकं नगा टेकू. बिब्बा हाय अजून."

देशमुख थांबले. जिला ते गावाबाहेर काढत होते तिच्याकडे त्यांनी पाहिले, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच दगडावर त्यांनी कपाळ टेकले. महाराजांचा काळवंडलेला हात त्यांच्या मस्तकावर हलकेच येऊन राहिला.

देशमुखांच्या कपाळावरची जखम यथावकाश बरी झाली, बिब्ब्याचा डाग मात्र गेला नाही. पुढे त्यांच्या सदरेवर कुणी कुणावर संशय घेऊन आला, की देशमुख आधी पागोटे वर सरकवून त्याला आपले कपाळ दाखवत.