आठवा व्हॉल्व्ह

एका गावात शेतांना पाणी सोडणारे आठ व्हॉल्व्ह होते आणि आपल्याला विचारल्याशिवाय त्यांतला एकही उघडू नये असं मानणारे पाणी सोसायटीचे एक चेअरमन होते, दौलतराव.

गावातल्या केतकीनं व्हॉल्व्ह आपोआप उघडावेत म्हणून पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. आठही व्हॉल्व्हसाठी एक क्लास, म्हणजे साचा. त्यात 'उघड' ही मेथड, म्हणजे नेमून दिलेलं काम.

"प्रत्येक वेळी मशीननं मला विचारायचं, किती मिनिटं," दौलतराव म्हणाले.

हे चूक आहे, हे केतकीला कळत होतं. पण म्हाताऱ्यांशी डोकं कोण लावणार? तिनं प्रश्न त्या मेथडच्या पोटातच घातला.

दौलतराव रोज सकाळी पंपघरात बसून उत्तरं देत. वैशाखात एकदा सातव्या व्हॉल्व्हनंतर ते भाचीच्या साखरपुड्याला निघून गेले. पडद्यावर प्रश्न तसाच राहिला: 'आठवा व्हॉल्व्ह किती मिनिटं?' दुपारपर्यंत शेवटच्या शेतातल्या गिरजाकाकूंच्या टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या.

"मशीनला एवढी अक्कल नाही?" दौलतराव परतल्यावर त्या शेताच्या बांधावर येऊन गरजले.

"ते तुमची वाट बघत होतं. तुम्हीच तसं सांगितलं होतं." केतकीचा आवाज चढला. मग तिची नजर सुकलेल्या रोपांवर गेली. "आणि चूक दिसत असून मी तसं लिहिलं."

"कोण चुकलं ते तुम्ही ठरवत बसा," गिरजाकाकू म्हणाल्या. "निम्मी रोपं अजून जगतील. मला उद्या पाणी पाहिजे."

केतकीनं लगेच मेथडमधला प्रश्न बाहेर काढला. आता प्रोग्रॅम आदल्या संध्याकाळीच आठही उत्तरं मागून घेणार, तपासणार आणि मगच मेथडच्या हाती देणार. उघडण्याच्या वेळी कुणाला काही विचारायचं नाही.

संध्याकाळी दौलतरावांनी लिहिलं, 'अर्धा तास'. पूर्वी एवढ्यावर प्रोग्रॅम बंद पडायचा आणि केतकी चिडायची. आता पडद्यावर उमटलं: 'मिनिटांचा आकडा लिहा, जसं ३०.' त्यांनी निमूट ३० लिहिलं.

आपल्यावाचून काय होतं ते बघायला सकाळी ते मुद्दाम पंपघराकडे फिरकलेच नाहीत. आठव्या व्हॉल्व्हचं पाणी लांबून दिसल्यावर मात्र त्यांचा केतकीला फोन आला.

"मला कोणी विचारलं नाही?"

"काल विचारलं होतं, काका. तुमचीच तीस मिनिटं चालू आहेत."

शेवटच्या शेतात गिरजाकाकू रोपांच्या वाफ्यात पाणी वळवत होत्या.

तात्पर्य: विचारायचं ते काम सुरू होण्याआधी नीट विचारून घ्यावं, आणि चूक दिसली की समोर कोणीही असो, तेव्हाच बोलावं.