दीनाबाईच्या चुका

पाहुणे, बसा घटकाभर. चढ अवघड आहे, आणि यापुढची गोष्ट उभ्याने ऐकायची नाही.

हा समोर दगडांचा ढीग दिसतो ना, कमरेच्या जरा खाली, शेवाळलेला, हा पहिला. असे पाच आहेत या डोंगरावर. शहरातून येणारे आधी त्याला थडगं समजतात, मग एखाद्या देवीचं ठाणं. दोन्ही नाही. आम्ही आंबेदऱ्याचे लोक यांना दीनाबाईच्या चुका म्हणतो. पहिली चूक, दुसरी चूक, अशा पाचव्या चुकीपर्यंत. गुराखीसुद्धा घरी सांगतो की गाय तिसऱ्या चुकीपाशी चरतेय. तुम्हाला हसू आलं, येऊ द्या. आम्हीही हसतो, आणि दर वर्षी भाद्रपदातल्या एका रविवारी आमची सगळी ख्रिस्ती मंडळी इथे चढून येते आणि देवाचे उपकार मानते. उपकारस्तुतीचा सण बाकीचे ख्रिस्ती लोक देवळात, म्हणजे चर्चमध्ये करतात. आम्ही चुकीपाशी करतो.

मी अठ्ठावीस वर्षं शाळामास्तर होतो. मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर लाल रेघ ओढण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे ही गोष्ट सांगताना मला थोडी लाजही वाटते. असो.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं साल होतं, एवढंच सांगतात. आकडा कोणाला ठाऊक नाही. माझ्या आजीची आजी तेव्हा कडेवरची पोर होती म्हणे. आंबेदऱ्यात ख्रिस्ती घरं सात. पाळक महिन्यातून एकदा येत, एरवी सगळा भार दीनाबाईवर. ती बायबलबाई होती. म्हणजे पिशवीत शास्त्र घालून गावोगाव फिरायचं, बायकांना वाचायला शिकवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. नवरा लवकर वारलेला. घरात सासू आणि थोरली जाऊ मंजुळाबाई, दोघीच.

भाद्रपद लागला आणि गावाच्या एकुलत्या एका विहिरीचं पाणी नासलं. नऊ दिवसांत चौदा माणसं गेली. खालच्या रस्त्याने निघावं तर वाटेवरच्या मोठ्या गावाने वेशीत बाभळीच्या काट्या टाकल्या आणि लाठ्या घेऊन माणसं उभी केली. त्यांना तरी काय बोलायचं, भीती सगळ्यांना सारखीच असते. उरला हा डोंगर. याच्या पलीकडे खिरपाडी, तिथे वाहता झरा आणि मिशनचा दवाखाना. डोंगराची वाट ठाकरांना ठाऊक होती, पण साथीला भिऊन तेही रानात आत निघून गेले होते.

तेव्हा देऊळ म्हणजे एक गवती छप्पर. ख्रिस्ती घरांतले जे जगले होते ते त्यात जमले. बाप्तिस्मा न घेतलेलेही काही आले, मरणाच्या दारात कोण कोणाचा ते कोणी विचारत नाही. वाट कोणाला माहीत आहे, असं विचारल्यावर सगळ्यांनी दीनाबाईकडे पाहिलं. तिच्या पायाला भिंगरी, तिला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

दीनाबाई म्हणाली, "वाट माझ्या पायाखालची हाय. देवानं दावलीय मला. उठा, मी पुढं चालते."

पायाखालची कसली! सात वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून ती एकदा इथून गेली होती, तीही लख्ख उन्हाळ्यात. पण ती गोष्ट तिने गिळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. माहीत नाही म्हटलं असतं तर लोक उठून घरी गेले असते आणि तहान लागल्यावर त्याच विहिरीचं पाणी प्याले असते. ते तिला पाहवलं नाही. भल्यासाठी बोललेलं खोटं, आणि वर देवाच्या नावावर घातलेलं.

निघताना तिचा पाय उंबऱ्यात अडला. सासू दोन दिवसांपासून पटकीने पडली होती, तिला हलवता येत नव्हतं. मंजुळाबाई तिच्यापाशी राहिली. दीनाबाई म्हणाली, "आक्का, यांना पोचवते आन् परवाच्या दिशी झोळी घेऊन माघारी येते. सासूबाईंना तवर जगव."

"तू ये," मंजुळाबाई म्हणाली. "न्हाई जमलं तरी मी हितंच हाय. माझी काळजी करू नगं."

एकतीस माणसं निघाली. त्यांत भागोजीबाबा होता, दोर वळणारा. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता आणि घेणारही नव्हता. दीनाबाईला तो नेहमी डिवचायचा, की तुझा देव साहेबाच्या गावचा, त्याला आपल्या रानाची काय माहिती? पण त्या दिवशी तोच आपला सगळ्यात लांब अंबाडीचा दोर घेऊन आला. डोंगराच्या पहिल्या टप्प्यावरच धुक्याने गाठलं होतं. भाद्रपदातलं धुकं तुम्ही पाहिलं नाही, आपलाच हात आपल्याला परका वाटतो. भागोजीबाबाने दोराचं टोक दीनाबाईच्या हातात दिलं आणि बाकीच्यांना एकामागे एक धरायला लावलं.

पहिला फाटा आला. दीनाबाई उजवीकडे वळली. का वळली, ते तिलाही सांगता आलं नसतं. कोणाची तरी बकरी दोराला न बांधता सोबत चालत होती, गळ्यात घुंगरू. ती पुढे पळाली. घुंगरू वाजत होतं, वाजत होतं, आणि एकदम थांबलं. थोड्या वेळाने खूप खालून दगड गडगडल्याचा आवाज आला. दीनाबाईने पाय पुढे टाकला होता तो तसाच मागे घेतला. तिच्या पुढे दोन हातांवर डोंगर संपला होता.

तिने सगळ्यांना मागे घेतलं, चाळीस पावलं, पुन्हा फाट्यापर्यंत. म्हणजे आपण बसलो आहोत तिथे. एकही जण तिला काही बोलला नाही, हेच तिला सोसवेना. आणखी एक खोटं बोलता आलं असतं. धुक्याने चकवलं म्हणाली असती, तर लोकांनी मानलंही असतं.

ती दगडावर बसली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले. वाट मला ठावं न्हाई. ल्हानपणी एकदा बापाच्या खांद्यावरनं गेले हुते तेवढंच. देवानं मला वाट दावलेली न्हाई. त्यो संगं हाय, एवढंच मला ठावं हाय. त्याच्या नावावर मी जास्तीचं बोलले, त्याची माफी मागते आन् तुमची बी. आता ज्याला माघारी जायचं त्यानं जावं. मी एकटी असले तरी पुढं जाणार, कारन माघारी मरण हाय."

एका बाईचं मूल रडत होतं. मग भागोजीबाबा उठला. दीनाबाईला वाटलं, हा आता दोर गुंडाळणार. त्याने दोराचं टोक उचलून पुन्हा तिच्या मुठीत दिलं.

"सकाळपासनं माझ्या पोटात भ्या हुतं," तो म्हणाला. "समदं ठावं असणाऱ्याच्या मागं चालायला भ्या वाटतं, बाई. त्यो इचारीत न्हाई, ऐकत न्हाई. आता तू खरं बोललीस. आता चाल, आमी मागं हाय."

आणि निघण्याआधी त्याने एक मोठा दगड उचलून चुकीच्या वाटेच्या तोंडावर ठेवला. आमच्याकडे रानात पेरणी झाली की पायवाटेच्या तोंडावर काटी आडवी टाकतात, इकडून जायचं नाही म्हणून. डोंगरावर काटी कुठे शोधायची, म्हणून दगड. त्याचं पाहून प्रत्येकाने एकेक ठेवला. एकतीस दगड झाले. ही पहिली चूक.

त्यानंतर दीनाबाई प्रत्येक फाट्याला थांबून विचारायची. म्हाताऱ्यांना वाऱ्याची दिशा विचारायची, बायकांना पाण्याचा आवाज कुठून येतो ते विचारायची, मग डोळे मिटून प्रार्थना करायची आणि सांगायची, "मला हिकडं वाटतंय. खात्री न्हाई." चुकली की मोठ्याने म्हणायची, "चुकले," आणि सगळे माघारी येऊन दगड ठेवायचे. दुसरा ढीग झाला, तिसरा झाला. पोरं तर म्हणे दगड ठेवायला हौसेने पुढे यायला लागली. माणसं भुकेली होती, भिजली होती, पण घाबरलेली राहिली नव्हती.

दुपार कलली तेव्हा एक गंमत झाली, किंवा कृपा म्हणा. तासभर चालल्यावर एक रुंद, सोपी वाट लागली. सगळ्यांना हायसं वाटलं, पाय उचलून चालू लागले. इतक्यात दीनाबाईची नडगी कशावर तरी आपटली. वाकून चाचपलं तर दगडांचा ढीग. पहिलाच! धुक्यात वळसा पडून ते पुन्हा त्याच कड्याच्या वाटेच्या तोंडाशी आले होते, आणि या वेळी पुढे बकरी नव्हती. ढीग नसता तर दोराला धरलेली माणसं एकापाठोपाठ एक गेली असती.

मग ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि तिने चुकीबद्दल देवाचे आभार मानले. प्रभू, मी चुकले ते बरं झालं, आणि ते कबूल करायची बुद्धी दिलीस ते त्याहून बरं. भागोजीबाबाने प्रार्थना केली नाही, पण आमेन म्हटलं. त्याच्या घरची माणसं आजही सांगतात, नुसतं आमेन हं, बाकी काही नाही.

दिवेलागणीच्या आधी ते खिरपाडीला उतरले. तोवर पाच ढीग झाले होते. दोरावरची माणसं मोजली, एकतीसच्या एकतीस. काही जण सांगतात की शेवटच्या फाट्यावर त्यांना उजेड दिसला. दिसला असेल. माझं मन त्या उजेडावाचूनही भरतं.

पण दीनाबाईचं मन भरलं नव्हतं. तिचे पाय सुजले, रात्रीतून ताप चढला, आणि परवाचा दिवस उजाडला तेव्हा तिला उभंही राहता येईना. धुकं आणखी दाटलं होतं. झोळी घेऊन चार माणसं पाठवा म्हणून ती दवाखान्यातल्या लोकांच्या पाया पडली. ते म्हणाले, वाट दाखवायला कोण? ठाकर मिळाल्याशिवाय कोणी चढणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडली. एकतिसांना पोचवलं आणि आपल्या घरच्या दोघींना मरायला सोडलं, असं तिच्या मनाने घेतलं. त्या दिवशी तिला प्रार्थना करता आली नाही, हेही आम्ही लपवत नाही.

उन्हं असती तर डोक्यावर आली असती, त्या सुमाराला अंगणात गलका झाला. दारात मंजुळाबाई उभी होती, चिखलाने माखलेली. तिच्यामागे झोळीत सासू, वाळलेली पण जिवंत. झोळीचं पुढचं टोक गावच्या पाटलाच्या भावाच्या खांद्यावर होतं, ज्याने उभ्या जन्मात या घराच्या माणसाला शिवलं नव्हतं. मागे आणखी वीसेक माणसं. दीनाबाईची माणसं निघाल्यावर उरलेलं गाव दोन दिवस विहिरीकडे बघत बसलं होतं. तिसऱ्या पहाटे ते सगळे मंजुळाबाईच्या दारात आले आणि विचारू लागले, तुझी जाऊ कुठल्या अंगानं गेली?

दीनाबाई म्हणाली, "आक्का, असल्या धुक्यात वाट कोणी दावली?"

"तूच की," मंजुळाबाई म्हणाली. "जिथं जिथं तू चुकलीस तिथं तिथं दगड हुते. तिकडं गेलो न्हाई. उरली ती वाट."

त्यांना अर्धाच दिवस लागला होता.

या डोंगरावर बरोबर वाटेची पाटी आजही नाही, ते तुमच्या लक्षात आलं असेल. दर पावसाळ्यात दरड कोसळते, वाट इकडची तिकडे सरकते. कडे मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून दर भाद्रपदात आम्ही पाचही ढिगांवर एकेक दगड ठेवतो, आणि आंबेदऱ्यात जो कोणी माणसांना पुढे नेणार, मग तो पाळक असो, पंच असो की मास्तर, त्याने आधी इथे उभं राहून आपली एक चूक मोठ्याने सांगायची. आम्हा बाकीच्यांना मनातल्या मनात सांगायची सूट आहे. त्याला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी काय सांगितलं ते तुम्हाला सांगणार नाही, गावात कोणालाही विचारा, सगळ्यांना पाठ आहे.

गेल्या वर्षी नवे पाळक आले, अमोलिक. तरुण, शिकलेले, आवाज खणखणीत. आम्हाला वाटलं, हे काहीतरी गुळमुळीत सांगून मोकळे होतील. पण ते म्हणाले, "शेवंताबाईंचा मुलगा वारला त्याला दोन महिने झाले. मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. कामं होती म्हणून सांगत आलो. खरं म्हणजे तिथे जाऊन काय बोलायचं ते मला माहीत नाही."

शेवंताबाई भिंगारदिवे तिथेच, दुसऱ्या रांगेत होत्या. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या पुढे आल्या, ढिगावर दगड ठेवला, आणि पाळकांचा हात धरून म्हणाल्या, "मला बी म्हाईत न्हाई. आता चला, आमी मागं हाय."

पाळक त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. काय बोलले ते आम्ही विचारलेलं नाही. दिवे लागेपर्यंत दोघं ओट्यावर बसून होते.