कणव्यांचा कडा

पिशवीत चाकू असेल तर इथंच ठेवा, पाहुणे. या कड्यावर निगुडी गावचं कुणी लोखंड घेऊन चढत नाही, आणि पाहुण्यालाही चढू देत नाही. वरचा कातळ तांबडा दिसतो ना? कुणी म्हणतं, मातीचाच रंग आहे. असेल. आम्ही ऐकलं ते वेगळं.

पूर्वी इथं घरोघरी कणवे असत म्हणे. वासराएवढं, राखी अंगाचं जनावर, गोठ्यात झोपायचं. कुणाला दुखलंखुपलं की आपणहून यायचं, मांडीवर डोकं ठेवायचं आणि निम्मं दुखणं स्वतःकडे घ्यायचं. मात्र कणवा जवळ असताना कुणाला मारलं, तर तो घाव मारणाऱ्याच्या अंगातही कळ होऊन उठायचा. त्यामुळे निगुडीतली भांडणं तोंडापुरतीच राहायची.

मग गायरानावरून शेजारच्या घोणसवाडीशी वैर आलं. त्यांनी रानात आमच्या गंजी जाळल्या, राखणदार जिवंत जाळला. आमची माणसं कुऱ्हाडी घेऊन धावली, पण कणवेही मागोमाग गेले, आणि पहिल्याच घावाला आमचे गडी आपलेच खांदे धरून खाली बसले. घोणसवाडी हसली. ते हसू सुभानजी पाटलांना झोंबलं.

"हे जित्ते हायेत तोवर आपल्या हातून सूड व्हायचा न्हाई," ते म्हणाले. "सगळे कड्यावर न्या आन् तोडा."

कणव्यांना तोडायचं म्हणजे प्रत्येक घाव आपल्याही अंगात घ्यायचा. तो घेतला. माणसं मारत होती, ओरडत होती, ओकत होती. एक जण स्वतःचा गळा धरून कोसळला तो उठलाच नाही. आणि कणवे पळाले नाहीत, असं सांगतात. माणूस कळवळला की जवळ जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. जो जास्त ओरडे त्याच्याकडे ते डोकं टेकवायला येत आणि तिथंच कापले जात. रक्त कातळावरून खालच्या ओढ्याला लागलं.

एक कणवी उरली, ती पाटलांच्याच घरात. त्यांची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल अडलं होतं, आणि कणवी तिच्या मांडीवर डोकं ठेवून होती. रक्तानं माखलेले पाटील दारात आले तशी सुईण आडवी आली.

"पाटील, थांबा! पोरीच्या निम्म्या कळा त्या मुक्या जिवात हायेत!"

"समद्यांचे तोडले, आन् माझंच तेवढं राखू?"

त्यांनी सुईणीला ढकललं आणि कुऱ्हाड घातली. त्यांच्या मानेत कळ उठली आणि कणवीबरोबरच विझली. पण तिनं घेतलेलं सारं दुखणं एकदम हौसावर परतलं. पोर तडफडू लागली. पाटलांनी कुऱ्हाड फेकली, कणवीचं धड बाजूला ओढलं आणि तिच्या जागी स्वतःचं डोकं ठेवलं.

"निम्मं मला दे, बाय. मला दे."

काही आलं नाही. बापाचं डोकं मांडीवर असताना लेक एकटीच मेली. पोटातलं मूलही गेलं.

पुढे सूड झाला. आता मारणाऱ्याला काहीच होत नव्हतं, तेव्हा दोन्ही गावं निम्मी होईपर्यंत कुणी थांबलं नाही.

आजही निगुडीत लेक अडली की बाप अंगणात येरझाऱ्या घालत नाही. आत जातो, तिच्या मांडीवर डोकं टेकवतो आणि तेच मागतो. माझ्या रखमाच्या वेळी मीही मागितलं. ती सुखरूप सुटली, पण त्याआधी माझे केस मुठीत धरून पोर किंचाळत होती, आणि माझ्या अंगाला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

ठेवा तो चाकू इथं, आणि चढा.