टिकलीच्या पोत्यावर छोटू बसला

हे मी सांगायचं नव्हतं. दिगूदादा म्हणाला होता, "ऋजूताई, वरच्या मजल्यांवर कुणाला बोलू नकोस हं." पण तुम्ही वरच्या मजल्यांवर राहत नाही. शिवाय तुम्ही लहान आहात. लहान मुलं काय सांगतात ते मोठी माणसं कुठे ऐकतात? म्हणून तुम्हाला सांगते.

टिकली म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. इवलंसं. अंग तपकिरी. कपाळावर पांढरा ठिपका. टिकली आमच्या मागच्या मैदानात राहायची. बदामाच्या झाडाखाली तिचं एक पोतं होतं. फाटकं होतं. पण तिचं होतं. थंडी वाजली की टिकली पोत्यावर यायची. गोल गोल फिरायची. वेटोळं करायची. की लगेच झोप!

एक दिवस टिकली पाणी प्यायला गेली. टुडुक टुडुक गेली. चुबुक चुबुक प्याली. टुडुक टुडुक परत आली.

बघते तर काय? पोतं दिसेना!

पोत्यावर छोटू बसला होता. धप्प!

छोटू कोण? छोटू म्हणजे ग्रेट डेन. घोड्याएवढा कुत्रा. त्याचं नाव छोटू ठेवलंय, कारण तो घरी आला तेव्हा छोटा होता.

आता दिगूदादा कोण? दिगूदादा आमच्या इमारतीतल्या कुत्र्यांना रोज फिरवतो. म्हणजे मैदानापर्यंत आणतो. मैदानात एक बाक आहे. दिगूदादा बाकावर बसतो. मग कुत्री बसतात. अंधार पडला की सगळे घरी जातात. याला फिरणं म्हणतात.

टिकली छोटूपाशी गेली. टुडुक टुडुक.

"छोटूदादा, छोटूदादा, ऊठ ना!"

छोटूने खाली पाहिलं. आणखी खाली पाहिलं. मग त्याला टिकली दिसली.

"जात कोणती गं तुझी?"

"माहीत नाही. मी टिकली."

"मी ग्रेट डेन. आम्ही फार उमदे. मी लगेच उठलो असतो. पण माझ्या साखळीवर लाडू बसलाय. आधी लाडू उठू दे. मग मी उठतो."

टिकली निघाली. टुडुक टुडुक. लाडूपाशी आली. लाडू म्हणजे लॅब्रॅडॉर. गोल गोल, पिवळा पिवळा.

"लाडूमामा, लाडूमामा, ऊठ ना!
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

लाडूने टिकलीचं तोंड चाटलं. लप लप. कान चाटले. लप लप.

"मी लॅब्रॅडॉर. आम्ही फार प्रेमळ. बिच्चारी गं तू! मला रडूच येतंय. पण माझ्या साखळीवर मेजर बसलाय. आधी मेजर उठू दे. मग मी उठतो."

"मग रडू नको," टिकली म्हणाली. आणि निघाली. टुडुक टुडुक. मेजरपाशी आली. मेजर म्हणजे जर्मन शेफर्ड. कान ताठ. मान ताठ.

"मेजरकाका, मेजरकाका, ऊठ ना!
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

"गुर्रर्र! हळू बोल. मी पहाऱ्यावर आहे."

"कशाच्या?"

"बाकाच्या. कुणी पळवून नेला म्हणजे?"

टिकलीने बाक पाहिला. बाक सिमेंटचा होता.

"मी जर्मन शेफर्ड," मेजर म्हणाला. "आम्ही फार शूर. मी लगेच उठलो असतो. पण माझ्या साखळीवर टायगर बसलाय. आधी टायगर उठू दे. मग मी उठतो."

टिकली निघाली. टुडुक टुडुक. टायगरपाशी आली.

टायगर म्हणजे पग. नाक चपटं. पोट मोठं. शेपटीची जिलबी. टायगर आमचा आहे, म्हणून मी जास्त काही बोलत नाही.

"टायगरभाऊ, टायगरभाऊ, ऊठ ना!
मेजर उठेना,
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

घुर्र, घुर्र.

"टायगरभाऊ, झोपलास का?"

"हो," टायगर म्हणाला. "गाढ."

"मग बोलतोस कसा?"

"झोपेत बोलतोय. मी पग. आम्ही फार शांत. माझ्या साखळीवर परी बसलीय. आधी परी उठू दे. मग मी उठतो. घुर्र, घुर्र."

टिकली निघाली. टुडुक टुडुक. परीपाशी आली. परी म्हणजे पामेरियन. पांढरी पांढरी. कापसाचा गोळा. मातीत बसायचं नाही, म्हणून ती दिगूदादाच्या रुमालावर बसली होती.

"परीमावशी, परीमावशी, ऊठ ना!
टायगर उठेना,
मेजर उठेना,
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

"क्यांव क्यांव! लांबून बोल! कालच माझी अंघोळ झालीय!"

टिकली दोन पावलं मागे गेली. परत सगळं म्हणाली.

"परीमावशी, परीमावशी, ऊठ ना!
टायगर उठेना,
मेजर उठेना,
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

"ऐकलं गं पहिल्यांदाच!" परी म्हणाली. "मी पामेरियन. आम्ही फार चपळ. मी एका उडीत उठले असते. पण माझ्या साखळीवर दिगूदादा बसलाय. आधी दिगूदादा उठू दे. मग मी उठते."

टिकली निघाली. टुडुक टुडुक. बाकापाशी आली. दिगूदादा फोनवर खेळ खेळत होता. टिंग! टुंग! टिंग!

"दिगूदादा, दिगूदादा, ऊठ ना!
परी उठेना,
टायगर उठेना,
मेजर उठेना,
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

"थांब गं," दिगूदादा म्हणाला. "कामात आहे." टिंग! टुंग!

टिकली थांबली. खूप थांबली.

मग दिगूदादा म्हणाला, "हे बघ टिकले, माझं काही नाही. कुत्री बसली की मी बसतो. कुत्री उठली की मी उठतो. आधी छोटू उठू दे. मग मी उठतो."

टिकली निघाली. आता तिचे पाय दुखत होते. टु...डुक. टु...डुक. परत छोटूपाशी आली.

"छोटूदादा, छोटूदादा, ऊठ ना!
दिगूदादा उठेना,
परी उठेना,
टायगर उठेना,
मेजर उठेना,
लाडू उठेना,
छोटू उठेना,
मला माझं पोतं मिळेना!"

"छोटू म्हणजे मीच की!" छोटू म्हणाला. त्याने विचार केला. खूप विचार केला. "म्हणजे मी उठलो की दिगूदादा उठेल. आणि दिगूदादा उठला की मी उठेन. वा! सगळं कसं नीट जमलंय! कुणाचंच काही चुकलेलं नाही."

"नाहीच मुळी!" लाडू म्हणाला.

"अजिबात नाही!" मेजर म्हणाला.

"घुर्र," टायगर म्हणाला.

सगळे खूश झाले. छोटू पोत्यावर आणखी ऐसपैस बसला.

ऊन गेलं. वारा आला. सर्रर्र! टिकलीला थंडी वाजली. कुडकुड कुडकुड. तिला रडू आलं. कुईं कुईं. तिने इकडे पाहिलं. तिने तिकडे पाहिलं. ती हळूच बाकाखाली शिरली.

बाकाखाली काय होतं?

दिगूदादाच्या चपला! त्याने पाय वर घेतले होते. चपला खाली काढल्या होत्या.

टिकलीने एक चप्पल हुंगली. हुं हुं. टिकलीने एक चप्पल तोंडात धरली.

आणि धूम पळाली!

टुडुक टुडुक टुडुक टुडुक टुडुक!

"अगं ए!" दिगूदादा ओरडला. "माझी चप्पल! नवी आहे ती!"

आणि काय झालं?

दिगूदादा उठला!
परीची साखळी सुटली, खळ्ळ! परी उठली.
टायगरची साखळी सुटली, खळ्ळ! टायगर उठला.
मेजरची साखळी सुटली, खळ्ळ! मेजर उठला.
लाडूची साखळी सुटली, खळ्ळ! लाडू उठला.
छोटूची साखळी सुटली, खळ्ळ! छोटू उठला.

आणि टिकलीचं पोतं मोकळं झालं!

पण टिकली थांबते कुठे? पुढे टिकली, टुडुक टुडुक. मागे दिगूदादा, एका चपलेत, फटक थप्प, फटक थप्प. त्याच्यामागे परी, क्यांव क्यांव. तिच्यामागे मेजर, लाडू आणि छोटू. धडाम धडाम! सगळ्यात मागे टायगर. तो अर्ध्या वाटेत बसला.

मैदानाला पहिल्यांदाच पूर्ण फेरी झाली.

वरच्या मजल्यावर छोटूच्या नाडकर्णीकाकू गॅलरीत आल्या. त्यांनी खाली पाहिलं.

"अगं बाई! दिगू, किती रे पळवतोस कुत्र्यांना! दमत नाहीस?"

"नाही हो काकू!" दिगूदादा धापा टाकत म्हणाला. "रोजचंच आहे!"

टिकली पोत्यापाशी पोचली. टुण्णकन पोत्यावर चढली. तिने चप्पल खाली ठेवली.

"तुझी चप्पल तुला," टिकली म्हणाली. "माझं पोतं मला."

दिगूदादा खाली वाकला. त्याने चप्पल पायात घातली. चपलेला चार छोट्या दातांची नक्षी होती.

टिकली पोत्यावर गोल गोल फिरली. तिने वेटोळं केलं. आणि तिला काय कळलं, माहितेय? पोतं गरम होतं! छान गरम! एवढा मोठा छोटू एवढा वेळ त्यावर बसला होता ना!

इतक्यात छोटू आला. हाश हुश, हाश हुश. त्याने पोतं पाहिलं. त्याने टिकलीला पाहिलं.

"टिकले," तो हळूच म्हणाला, "मला जागा आहे का गं?"

टिकलीने वर पाहिलं. आणखी वर पाहिलं.

"नाकापुरती आहे," टिकली म्हणाली.

छोटूने पोत्यावर नाक ठेवलं. सूंऽऽ. फक्त नाक. टिकलीने एक डोळा मिटला. एक डोळा उघडाच ठेवला. सगळं शांत झालं. आणि मग छोटूचा उजवा पंजा हळूच, अगदी हळूच, कुणाला कळू न देता पोत्यावर सर—

"ऋजू! अगं ऋजू! हा टायगर माझ्या इस्त्रीच्या साडीवर बसलाय, उठतच नाही! ये बघू लवकर!"

आले, आई!