आजोबांच्या तोंडची काजळी

अमेरिकेतल्या एका गावात लोरेटाबाई नाट्यशाळेत कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीचा इतिहास शिकवायच्या. एक दिवस शाळेचे नवे अध्यक्ष हारग्रोव्हसाहेब वर्गात येऊन म्हणाले, "या गावात काळे नट कधी झालेच नाहीत. न घडलेला इतिहास शिकवता कशाला? उद्यापासून वर्ग बंद."

मुलं दप्तरं आवरू लागली. बाईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. तिच्यात शाळेचे संस्थापक, म्हणजे साहेबांचे गोरे आजोबा, तोंडाला काजळी फासून काळ्या माणसाच्या सोंगात रंगमंचावर नाचत होते.

"काळे नट झालेच नाहीत, तर आजोबा नक्कल कुणाची करत होते?"

साहेब तसबिरीपाशी गेले. मग पुटपुटले, "चालू द्या वर्ग."

मुलांनी दप्तरं पुन्हा उघडली आणि पहिल्या बाकावर सरकून साहेबांना जागा करून दिली.